दुभत्याचं कपाट

टेम्पोतून कपाट खाली उतरलं तेव्हा आई दारातच उभी होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. सागवानी कपाट, माझ्या खांद्याइतकं उंच, जाळीची दोन दारं, मधोमध लाकडी फिरकी. तिने पदर खोचला, एका पायापाशी वाकली, फळीच्या सांध्यात नख घालून खरवडलं आणि हमालाला म्हणाली, "वर गच्चीत न्या. घरात नको."

मग मला म्हणाली, "चार दिवस उन्हात राहू दे. नंतर बघू."

ज्यांच्या घरात जन्मापासून फ्रिज आहे त्यांना दुभत्याचं कपाट म्हणजे काय ते सांगावं लागतं. दूध, दही, ताक, लोणी, तूप हे दुभतं, आणि ते ठेवायचं म्हणून हे कपाट. आत हवा खेळावी म्हणून दारांना आणि दोन्ही बाजूंना जाळी, आणि मांजराने पंजा घालून दार उघडू नये म्हणून घट्ट फिरकी. पाय मात्र उगाच उंच वाटतील असे. फ्रिज आला आणि या कपाटाची नोकरी गेली. मग त्यात रद्दी, मग जुनी औषधं, मग चपला, आणि शेवटी वाडा पाडायला घेतला की भंगारवाला.

माझं कपाट नारायण पेठेतल्या एका वाड्यातलं. म्हणजे विकणारा तसं म्हणाला. पेठेतला वाडा पडला की त्याचं लाकूड काही फुकट जात नाही. खांब आणि तुळया आधी जातात, कारण त्यांचा भाव कुणालाही सांगता येतो. महिरपी आणि कोरीव दरवाजे हॉटेलवाले आणि शेतघरवाले नेतात. उरतं ते स्वयंपाकघरातलं: फळ्या, मांडण्या, पाट, कपाटं. ते एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये एकावर एक रचून पडलेलं असतं आणि माझ्यासारखी कुणी येऊन "हे काय आहे?" असं विचारेपर्यंत पडूनच राहतं. विचारलं की भाव वाढतो. नऊ हजार सांगितले, साडेपाचला दिलं. निघताना त्याने चारही पाय दाखवले. तळापासून चार बोटं उंचीपर्यंत लाकूड काळं पडलं होतं, चारही पायांना अगदी एका रेषेत.

"पानशेतचं पाणी आहे हे," तो म्हणाला.

पुण्यात जुनं लाकूड विकणाऱ्याच्या तोंडी हा शब्द असतोच. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. त्या पाण्यातून वाचलेलं कपाट साडेपाच हजारांत मिळतंय म्हटल्यावर मी आणखी घासाघीस केली नाही.

जुनं खरंच जुनं आहे की नाही हे बघायची माझी एक पद्धत झाली आहे. समोरून बघतच नाही. मुंबईत ओशिवऱ्याला किंवा चोर बाजारात जे 'अँटिक' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं परवा-तेरवा बनलेलं असतं. त्याला रंग चढवून, ठोकून, साखळीने बडवून म्हातारं केलेलं असतं. पण म्हातारं करणारा माणूस पुढच्या बाजूवर मेहनत घेतो. म्हणून आधी पाठ बघायची. जुन्या सुताराने पाठीच्या फळीवर रंधा मारायचे कष्ट घेतलेले नसतात, करवतीच्या दात्यांच्या खुणा तशाच असतात. मग खालून हात घालून सांधे चाचपायचे: कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवलेलं टोक, आणि पाचर आहे की नुसता खिळा. आणि शेवटी झीज. खरी झीज जिथे हात लागतो तिथेच असते. माझ्या कपाटाची फिरकी एकाच बाजूने झिजलेली आहे, उजव्या अंगठ्याने. खोटी झीज सगळीकडे सारखी असते, गणपतीच्या मखराला रंग मारावा तशी.

*

आईच्या त्या "चार दिवस उन्हात" मागे ढेकूण होते.

हा विषय आजच्या 'जुनं ते सोनं' लेखनात येत नाही, आणि मला तो टाळता येत नाही. माझ्या लहानपणी आमच्याकडे दोन लाकडी खाटा, एक वेताची आरामखुर्ची आणि एक असंच कपाट होतं. मे महिन्यात खाटा गच्चीत जायच्या. आई किटलीतून उकळतं पाणी एकेका सांध्यात सोडायची, मग रॉकेलचा बोळा. हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून ती वेताच्या प्रत्येक भोकात फिरवायची आणि आम्ही दोघं भावंडं शेजारी उभं राहून मोजायचो. पाहुणे येणार असले की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. खुर्चीवर बसलेल्या माणसाने मांडी खाजवली तरी ती स्वयंपाकघरातून बघत असायची.

1984 साली तिने दोन्ही खाटा, आरामखुर्ची आणि कपाट एकरकमी विकलं आणि भिशीचे पैसे घालून लोखंडी कपाट आणलं. गोदरेजने पोलादी कपाटं करायला 1923 साली सुरुवात केली होती. आमच्या घरापर्यंत ती यायला साठ वर्षं लागली. कपाट आलं त्या संध्याकाळी तिने त्याला हळद-कुंकू वाहिलं, आरशावर बोटाने स्वस्तिक काढलं. मागून सनमायका लावलेलं टेबल आलं, फडक्याने एका हातात पुसलं जाणारं. मला अजून आठवतं, ती टेबल पुसून झाल्यावर तिरप्या नजरेने त्यावर पडलेला उजेड बघायची.

मी तिशीत पोचले तेव्हा मला ते टेबल ओंगळ वाटायला लागलं होतं आणि तिने विकलेल्या खाटांचं दुःख. एकदा तिला म्हटलंही, "आई, सागवान विकलंस तू, माहितीय आज काय भाव आहे?" ती शांतपणे म्हणाली, "तुला भाव माहितीय. ढेकूण माहीत नाहीत."

यावर काही उत्तर नाही. अजूनही नाही.

*

गच्चीत चार दिवसांऐवजी कपाट तीन आठवडे राहिलं, कारण रंग निघेना. वरून निळा ऑइलपेंट. त्याखाली हिरवा, सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा असतो तसा. त्याखाली मळकट पिवळा. आणि तळाशी, काही काही जागी, मधासारखं पॉलिश. आधी मी पॉलिश पेपर घेऊन बसले, 80 नंबरचा. अर्ध्या तासात हात भरून आले आणि हवेत निळी धूळ. मग कुठेतरी वाचलेलं आठवलं आणि घाबरून थांबले. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात 90 भाग अशी मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी, आणि ती लागू झाली 2017 च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण सांगणार? तेव्हा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये. पाणी मारून ओलाच खरवडावा, नाकाला चांगला मास्क बांधावा, लहान मूल आसपास नसावं आणि निघालेल्या खपल्या कागदात गुंडाळून टाकाव्यात, झाडून कुंडीत नव्हेत. मी पहिल्या दिवशी कुंडीतच टाकल्या होत्या. त्या कुंडीतली कोथिंबीर खाल्ली नाही.

रिमूव्हर लावून पंधरा मिनिटं थांबलं की रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. पत्र्याच्या पट्टीने तो उचलायचा, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच, आडवं ओढलं की ओरखडा. सपाट फळ्या सोप्या. जीव खातात ते कोपरे आणि जाळीच्या पट्ट्या. तिथे मी बांबूची काडी आणि जुना टूथब्रश घेऊन बसायचे. एका कोपऱ्याला एक दुपार. शेजारच्या काकू वाळवणं उलटायला यायच्या त्या म्हणायच्या, "अगं, एवढ्या वेळात नवं आलं असतं." आलं असतंच.

आतल्या फळ्यांची गोष्ट वेगळी. रंग निघाला, पेपर मारला, फळ्या कोऱ्या दिसायला लागल्या आणि दुपारी ऊन तापल्यावर त्यांतून वास यायला लागला. खवट तुपाचा. नाक लावून बघितलं. मधल्या फळीवर डावीकडे, गोल, ताटलीएवढा भाग बाकीच्यापेक्षा गडद होता. तुपाची बरणी तिथेच असणार, वर्षानुवर्षं, आणि ज्या कुणी बाई ती उचलायच्या त्यांचा हात तुपाचा असणार. धुण्याच्या सोड्याने दोनदा धुतलं, वाळवलं. वास कमी झाला, गेला नाही. पॉलिशचा पहिला हात त्या गोलावर धरेना, पाण्यावर तेल फुटावं तसा फुटायचा.

तेव्हा मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री सत्तरीचे. आता काम घेत नाहीत, पण बघायला येतात, आणि बघायला आले की काम करूनच जातात. मी त्यांना इलेक्ट्रिक सँडर दाखवला, नवाच घेतला होता. त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला आणि परत दिला. "ताई, याने जुनं लाकूड नवं होतं. मग जुनं कशाला आणलंत?"

लाकडाला वर्षांनी जो रंग चढतो तो वरच्या पातळ थरातच असतो, आणि यंत्राने तो थर पाच मिनिटांत जातो. खाली निघतं ते कालच चिरल्यासारखं फिकट लाकूड. मग त्यावर 'टीक' नावाचा रंग चढवायचा आणि जे घासून काढलं तेच डब्यातून परत आणायचं.

मिस्त्रींचं पॉलिश म्हणजे लाखेचं. चपडा लाख, तपकिरी काचेच्या चुऱ्यासारखी, रात्री स्पिरिटमध्ये भिजत घालायची, लिटरला साधारण दोनशे ग्रॅम, आणि सकाळी जुन्या मलमलीतून गाळायची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी अंगाभोवती घातलेलं हे कवच. महाभारतात त्याचं घर जळालं, बायकांच्या हातात त्याच्या बांगड्या आल्या. बालगंधर्वांची पदं ज्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर घराघरात वाजली त्या तबकड्याही लाखेच्याच. पडली की फुटायची ती म्हणूनच.

ते पॉलिश ब्रशने लावत नाहीत. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून त्याचं टोक लिंबाच्या फोडीसारखं करायचं, लाखेत बुडवायचं, तळहातावर दाबून बघायचं आणि फळीवर आठाच्या आकड्यात फिरवत जायचं. थांबायचं नाही. "थांबलात की चिकटलं," मिस्त्री म्हणाले. बोळा ओढायला लागला की जवसाच्या तेलाचा एक थेंब. पहिल्या पाच-सहा हातांत काहीच दिसत नाही, मी वैतागले होते. सातव्या की आठव्या हाताला लाकूड एकदम खोल झालं. चमकलं नाही, खोल झालं. विहिरीत डोकावताना आधी पाणी दिसतं आणि मग तळ, तसं. लाखेचं मला आवडतं ते हे की नवा हात जुन्या हातात विरघळतो. वीस वर्षांनी कुणी स्पिरिटचा बोळा फिरवला तरी ते जागं होईल. मेलॅमाइन किंवा पीयू या हल्लीच्या पॉलिशांचं असं होत नाही. ते एकदा बिघडलं की मुळापासून काढावं लागतं. त्याची दुसरी बाजूही आहे. लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरं कडं उमटतं, आणि सॅनिटायझर सांडला तर विचारूच नका.

तुपाचा गोल मिस्त्रींनी तसाच सोडला. "तिथे बरणी ठेवा परत," म्हणाले.

एक माती मी स्वतःच्या हाताने खाल्ली. मिस्त्री गेल्यावर पाठीची फळी राहिली होती ती मी एकटीने करायला घेतली, जुलैत, बाहेर धो-धो पाऊस. स्पिरिट उडतं तसं लाकूड गार पडतं आणि दमट हवेतलं पाणी पॉलिशमध्ये अडकतं. सकाळी बघते तर अख्खी फळी पांढुरकी, आंबोळीवर बुरशी यावी तशी. मिस्त्रींना फोन केला तर ते हसलेच. ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं. ऑक्टोबरात कोरड्या दुपारी स्पिरिटचा हलका हात दिला आणि पांढरेपण गेलं. पाठच होती म्हणून बरं.

*

काळ्या पायांचं काय करायचं, यावर मी बरेच दिवस काढले. ऑक्झॅलिक ऍसिडने असे डाग उजळतात. विषारी असतं, हातमोजे घालून काम करावं लागतं, पण होतं. मी केलं नाही. पानशेतची खूण कोण पुसतं? उलट आल्यागेल्याला वाकून दाखवायचे. एका मैत्रिणीने तर फोटो काढून नेला.

दिवाळीत मावशी आली तेव्हा मी तिलाही दाखवत होते, आणि आई मागे उभी होती. आईचं माहेर नारायण पेठेतलंच. पानशेतच्या वेळी ती अकरा वर्षांची, पर्वतीवर जाऊन बसलेल्यांतली.

"पानशेतचं?" ती म्हणाली. "अगं, आमच्याकडे पाणी माडीला लागलं होतं. कपाटं तरंगत गेली. चार बोटं पाणी कुणाकडे आलं होतं?"

मग मावशी आणि ती दोघी एकदम हसायला लागल्या. दुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. पितळेच्या नाहीतर दगडाच्या, चार पायांना चार. रोज पाणी बदलायचं काम धाकट्या मुलीकडे, म्हणजे मावशीकडे. पाय वर्षभर पाण्यात, काळे होणारच. "उंच पाय कशाला असतात मग?" मावशीने विचारलं. मी इतके महिने त्या पायांशी बसले होते आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

मावशी गेल्यावर मी खाली बसून परत पायांकडे बघितलं. डाग तोच. पुराचा असताना ठेवण्यासारखा आणि मुंग्यांचा ठरल्यावर काढण्यासारखा, हा कुठला न्याय, असं मनात आलं खरं. पण खोटं कशाला बोलू, दोन दिवस ऑक्झॅलिक ऍसिडची पुडी ओट्यावर होती. मग राहिलं. आता कुणी विचारलं तर मुंग्यांचं सांगते. ऐकणाऱ्यांचे डोळे पूर्वीइतके मोठे होत नाहीत. त्या शेडवाल्याकडेही नंतर दोनदा जाणं झालं. तो अजून पानशेतच सांगतो, परवा एका आरशाबद्दल सांगत होता.

आरसा मी घेतला नाही. आरसा आणि पलंग, दुसऱ्याच्या घरातले आणायचे नाहीत, ही आईची अट. कोण गेलं असेल त्या पलंगावर, कुणाचं तोंड राहिलं असेल त्या आरशात. मी हे मानत नाही, पण तिच्या घरात राहून पलंग आणण्याइतकी न मानणारीही नाही. बाकी घर मात्र हळूहळू भरलं. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी लवकर गेलं की पितळी बिजागऱ्या, मुठी, कड्या ढिगात मिळतात. एकसारख्या चार मिळणं मात्र नशीब. माझ्या कपाटाच्या बिजागऱ्या दोन एका जातीच्या आणि दोन दुसऱ्या.

शेवटी आल्या त्या खुर्च्या. कॅम्पातलं एक इराणी हॉटेल बंद झालं तिथल्या दोन, वाकवलेल्या लाकडाच्या, पाठीला दोन कमानी. व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटने 1859 साली हा नमुना काढला: वाफेवर बीचचं लाकूड वाकवायचं, एका खुर्चीचे सहाच तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या की 36 खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या, म्हणून त्या बोटीने जगभर गेल्या. माझ्या खुर्च्यांखाली कुठला शिक्का नाही. त्या तिकडून आलेल्या की इथेच कुणी नक्कल केलेल्या, मी त्या वादात पडत नाही; एक गोष्ट पायांवरून शिकले तेवढी पुरे. बैठकीवर प्लायवूड ठोकलेलं होतं. ते उपसलं तर खाली चौकटीभर बारीक भोकं, म्हणजे मूळचा वेत. पूर्वी वेत विणणं अंध शाळांमधून शिकवत, कारण ते काम बोटांनी दिसतं. मला भेटलेले विणणारे काका डोळस आहेत, पण विणताना बघतात रस्त्याकडे. वेत भिजवून घेतात, आधी उभे, मग आडवे, परत उभे, परत आडवे, मग दोन्हीकडून तिरके, शेवटी किनार. ओला वेत सैल दिसतो. वाळला की तबल्यासारखा ताणतो. टिचकी मारली तर वाजतो.

खुर्च्या घरी आल्या त्या दिवशी मी आईला बसायला सांगितलं. ती बसली नाही. कपाटाशी उभी होती, तुपाची बरणी तिने कधीच त्या गोलावर नेऊन ठेवली आहे, आणि माझी पुस्तकं वरच्या फळीवर सरकवली आहेत, "दुभत्याच्या कपाटात पुस्तकं?" असं म्हणून. पंचाहत्तरीत आता वाकवत नाही, म्हणून तिने खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवायला लावली. सनमायकाचं टेबल. चष्मा वर केला, बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. एकेका भोकात पिन घालून, फिरवून, टोक उजेडाकडे धरून बघायची. मी शेजारी उभी राहून नकळत मोजायला लागले होते.

"नाहीत," ती शेवटच्या भोकापाशी म्हणाली, आणि दुसरी खुर्ची वर उचलून ठेवायची खूण केली.